३ एकर कोरडवाहू, कधी दुष्काळ कधी पूर... कर्ज काढून बोअर मारावा का?

माळावरचा:
नमस्कार मंडळी. भूम तालुका, धाराशिव. जमीन ३ एकर, एक एकर काळी ओढ्याकडंची आणि बाकी सगळी बरड, म्हणजे हलकी मुरमाड. खरिपाला सोयाबीन, ओल राहिली तर मागं ज्वारी. २०२३ ला अख्खा ऑगस्ट कोरडा गेला, शेंगा भरल्याच नाहीत आणि २०२५ च्या सप्टेंबरात एवढं पडलं की काढणीला आलेल्या सोयाबीनला शेंगातच मोड आले. आता वडील म्हणायलेत सोसायटीचं नवंजुनं करू, म्हणजे जुनं कर्ज फेडून लगेच नवं घेऊ, वरचे थोडे सावकाराकडून उचलू आणि बोअर मारू. पुण्यातला भाऊ रोज ड्रॅगनफ्रूटचे व्हिडिओ पाठवतो. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते त्यावर किराणा चालतो, खरं सांगायचं तर घरात तेवढाच रोकडा येतो. काय करावं काय कळंना.

बांधावरून:
सावकाराच्या पैशानं बोअर अजिबात नको राव. आपल्याकडं खाली काळा पाषाण, पाणी लागलं तर लागलं नाहीतर नुसती धूळ निघते, आणि व्याज दोन्हीकडून चालूच. लागलं तरी शेजाऱ्यानं तुझ्यापेक्षा शंभर फूट खाली नेला की संपलं. नगरकडच्या हिवरे बाजार गावानं शेतीला बोअरचं पाणी घ्यायलाच बंदी केली ती उगाच नाही.

आणि सप्टेंबरात बोअर काय कामाचा होता सांग? तुझं पीक एकदा ताणानं गेलं, एकदा पाणी तुंबून. दोन्हीवर चालेल असं आपल्या ऐपतीतलं एकच, बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी पद्धत. रुंद वरंब्यावर सोयाबीनच्या चार ओळी, दोन्ही बाजूला सरी. जास्त झालं तर सरीतून निघून जातं, उघडीप पडली तर सरीतली ओल आठ-दहा दिवस तरी ओढून नेते.

दुसरं म्हणजे औंदा घरचं बी डोळे झाकून पेरू नको, भिजलेल्या मालाचं बी दगा देतं. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेव, ७० च्या वर उगवले तरच पेर. आणि ७५-१०० मिमी पाऊस झाल्याशिवाय तिफण (पेरणीचं औजार) हलवायची नाही, शेजारी पेरतोय म्हणून तर मुळीच नाही, दुबार पेरणीतच निम्मा माणूस बसतो.

चुलीपासून:
दादा, तुम्ही सगळे पिकाचंच बोलताय, किराण्याचं कोणीच नाही. आमच्या भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचं एक एकर मॉडेल बऱ्याच बायकांनी केलंय. नवऱ्याकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचं आणि त्यात खायचं पिकवायचं, मूग उडीद तूर ज्वारी, कडंनं भाजीपाला. दहा-बारा पिकं असली की पाऊस कसाही पडला तरी सगळीच एकदम जात नाहीत. बाजारात न्यायला फार उरत नाही पण डाळ-भाजीची उधारी तुटते ना.

आईला विचारा काय पेरायचं, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. आणि दोन उस्मानाबादी शेळ्या घेऊन द्या, बहुतेक वेळा जुळी करडं देते. फी भरायची असो की दवाखाना, शेळी म्हणजे दारातलं एटीएम. फक्त पीपीआरची (शेळ्यांच्या साथीच्या रोगाची) लस चुकवायची नाही.

हिशोबी_माणूस:
ताईंचं पटलं. बाकी सरकारवर किती विसंबायचं ते आकड्यात बघ. पीक बुडालं की कोरडवाहूला मदतीचा दर २०२५ ला हेक्टरी ८,५०० होता, म्हणजे एकरी साडेतीन हजार पण नाही. बियाची बॅग न् खताचं पोतं घेतलं की संपले. (२०२५ ला रब्बीसाठी हेक्टरी १०,००० वेगळे जाहीर झाले, ते जमेला धर.) विम्याचं म्हणशील तर १ रुपयावाला २०२५ च्या खरिपापासून बंद, आता २ टक्के हप्ता, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळातल्या काही रानांत पीक कापून उत्पन्न मोजतात त्यावर. आपल्या महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या (आधी ठरवलेल्या मर्यादेच्या) खाली गेलं तरच मिळणार, ओढ्याकाठचा तुझा एकटा एकर वाहून गेला तर कोणी विचारत नाही. तरी भर, पण त्या भरवशावर उचल घेऊ नको.

२०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता, बाजारात चार हजाराच्या आसपास विकलं लोकांनी. आडत्याकडूनच आधी पैसे उचललेले असले की थांबून विकता येत नाही, खरं दुखणं तिथं आहे, पाऊस नंतर. ड्रॅगनफ्रूटचं तर नावच काढू नको, नुसते खांब आणि रोपं यातच तुझ्या बोअरएवढा खर्च होईल.

माळावरचा:
सगळ्यांचे आभार. बीबीएफचं मशीन गावात एकच आहे आणि पेरणीच्या आठवड्यात त्या ट्रॅक्टरवाल्याचा फोन लागत नाही. बैलं आहेत. आणि सोयाबीनमधी तूर घेतली तर पाण्यात जळत नाही का?

बांधावरून:
मशीन नसलं तर नेहमीसारखं पेर, फक्त दर चार ओळींनंतर एक ओळ रिकामी सोड, तिफणीच्या त्या नळ्याला बोळा कोंबायचा. पुढं २०-२५ दिवसांनी कोळपताना कोळप्याच्या जानोळ्याला (पास धरणाऱ्या दांड्यांना) दोरी गच्च गुंडाळून त्या रिकाम्या ओळीतून हाणायचं, आपोआप सरी पडते आणि माती दोन्ही बाजूला खोडाला लागते. शेवट मात्र ओढ्याकडं काढून दे, सरी आंधळी ठेवली तर उलटं तळं होईल.

तूर तुंबलेल्या पाण्यात जळते, खरंय. म्हणून ती बरडावर घे, सोयाबीन ४ ओळी न् तूर २. बदनापूरचं बीडीएन ७११ हे तुरीचं वाण बघ, साधारण पाच महिन्यांत येतं, हलक्या रानात ओल संपायच्या आत निघतं. ओढ्याकडच्या काळ्या एकरात नुसतं सोयाबीन, आणि तिथं सरी आधी.