मदत हवी आहे: डेटिंग शोमध्ये गुपित सांगायची संमती कधी घेतात?

पत्रकारितेच्या अभ्यासक्रमासाठी 'बॅगेज' या अमेरिकी डेटिंग शोवर प्रकल्प करतेय. २०१० मध्ये गेम शो नेटवर्कवर सुरू झालेला, सूत्रसंचालक जेरी स्प्रिंगर. जोडीदार निवडणाऱ्या एका व्यक्तीसमोर तीन इच्छुक लहान, मध्यम, मोठी अशा बॅगा घेऊन येतात. बॅग मोठी तसं आतलं गुपित जास्त लाजिरवाणं. शेवटी निवडणाऱ्यालाही स्वतःची बॅग उघडावी लागते आणि ती पाहून समोरची व्यक्ती नकार देऊ शकते. मला हाच भाग सगळ्यात न्याय्य वाटतो.

यूट्यूबवरचे भाग पाहिले, २०२३ मध्ये स्प्रिंगर गेले तेव्हाचे लेखही वाचले. खेळाची रचना समजली, संमतीची प्रक्रिया नाही. आपल्याकडच्या 'सच का सामना'मध्ये (२००९) पॉलिग्राफ (खोटं पकडणारी) चाचणी चित्रीकरणाआधीच होत असे, त्यामुळे तुलना तिथूनच करायची आहे.

कराराची प्रत किंवा कोणाचं नाव नको. हिंदी-मराठी रिअ‍ॅलिटी शोचा अनुभवही चालेल, फक्त तो प्रत्यक्ष कामातला असावा. सादरीकरण पुढच्या आठवड्यात आहे.

निर्मितीत काम केलेल्यांनी कृपया सांगावं: संमती सरसकट एकदाच घेतात की प्रत्येक गुपितासाठी वेगळी? आणि चित्रीकरणानंतर, प्रक्षेपणाआधी, स्पर्धकाला ती मागे घेता येते का?