मदत हवी आहे: परवा रात्रीचं फ्लाइट, आई-बाबा सोबत, फसायचं नाहीये

घोडबंदरी: लोकहो पटकन सांगा, वेळ नाहीये. परवा निघतोय, सहा दिवस, आई-बाबा पहिल्यांदाच देशाबाहेर. यूट्यूबवर तीन तास व्हिडिओ बघितले, कोण म्हणतं टॅक्सीवाले लुटतात कोण म्हणतं पैसे बदलून देणारे, डोकं आउट झालंय. बाबांचं सुरूच आहे की गणपतीपुळ्याला गेलो असतो. कशाकशापासून सांभाळायचं तेवढंच सांगा, 'एन्जॉय करा' वाले उपदेश नकोत.

नेरुळकर२०: कुठे??

ऐरोलीचे_काका: देश कुठलाही असो, हात खिशात ठेवा. आम्ही पॅरिसला माँमार्त्रच्या त्या पांढऱ्या चर्चकडे चढत होतो, पायऱ्यांपाशी एकाने आमच्या हिच्या हाताला धरून दोरा बांधायलाच घेतला. हिला वाटलं देवळातला गंडा, तिने हात पुढे केला! गाठ बसल्यावर सोडेना, म्हणे युरो द्या. एक अंगठीवालाही असतो, रस्त्यात 'सापडलेली' पितळेची अंगठी सोन्याची म्हणून गळ्यात मारतो.

घोडबंदरी: काका मी पॅरिसला नाही चाललो. बँकॉक पट्टाया. लिहिलंय असंच वाटलं मला, सॉरी.

नेरुळकर२०: मग पहिली गोष्ट, ग्रँड पॅलेसच्या बाहेर कोणीतरी नीटनेटका माणूस येऊन सांगणार की आज पॅलेस बंद आहे, पूजा आहे, संध्याकाळी उघडेल, तोवर माझ्या ओळखीचा टुकटुकवाला 20 बाटमध्ये चार देवळं दाखवेल. बसायचं नाही. देवळं नावाला, खरा मुक्काम रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात, तिथे त्याला कमिशन. पॅलेस एरवी रोज सकाळी साडेआठला उघडतो, गेटपर्यंत स्वतः जाऊन बघ. तिकीट 500 बाट.

पाचपाखाडीची_पोर: आणि गुडघे खांदे झाकलेले हवेत, नाहीतर दारातून परत पाठवतात आणि मग समोरच्या दुकानात पँट घ्यायची वेळ येते. काकू साडीत असतील तर प्रश्नच नाही.

खारघरवाला: एअरपोर्टवर आत येऊन 'टॅक्सी टॅक्सी' करणाऱ्यांकडे बघू पण नको. खाली मशीनमधून चिठ्ठी घे, मीटर 35 पासून, वर 50 बाट एअरपोर्टचे आणि टोल.

नेरुळकर२०: टॅक्सी कशाला, एअरपोर्टची रेल लिंक ट्रेन 45 बाटमध्ये शहरात फया थाई स्टेशनला सोडते.

खारघरवाला: म्हाताऱ्या माणसांना बॅगा घेऊन ट्रेनने? तू आईवडिलांना ठाणे स्टेशनवर 6:12 च्या लोकलला पण चढवशील.

नेरुळकर२०: बँकॉकचं ट्रॅफिक पाहिलंय का. संध्याकाळचं घोडबंदर बरं.

घोडबंदरी: भांडू नका, पिकअप पॅकेजमध्येच आहे.

पाचपाखाडीची_पोर: पॅकेज?? हे आत्ता सांगतोयस! काय काय आहे त्यात?

घोडबंदरी: नेहमीचंच. कोरल आयलंड, सिटी टूर, चौथ्या दिवशी सकाळी 'जेम्स फॅक्टरी व्हिजिट', रत्नांचा कारखाना म्हणे. व्हिसा लागणार नाही म्हणाला एजंट, फक्त अरायव्हल कार्डाचे माणशी 1500 घेतले. हे नॉर्मलच असेल ना?

पाचपाखाडीची_पोर: थांब. ते कार्ड फुकट आहे. 2025 च्या मे पासून ऑनलाइन झालंय, टीडीएसी म्हणतात, थाई इमिग्रेशनच्या साइटवर स्वतः भरायचं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. पैसे मागणाऱ्या हुबेहूब साइट्स पण आहेत, त्यामुळे पत्त्याच्या शेवटी गो डॉट टीएच आहे ना बघ. तीन माणसांचे 4500 गेले तुझे, ते पण ठाण्यात बसून.

खारघरवाला: सर्व्हिस चार्ज असतो यार. सगळ्यांना नाही जमत फॉर्म भरायला.

पाचपाखाडीची_पोर: चार्ज म्हणून सांगून घे ना मग, सरकारी फी असल्यासारखं कशाला. आणि ती जेम्स फॅक्टरी म्हणजे नेरुळकर म्हणतोय तेच दुकान, फक्त एसी बसने.

नेरुळकर२०: तिथे जावं लागेलच, पॅकेज स्वस्त पडतं ते त्याच्यावर. चक्कर मारा, टॉयलेटला जा, बाहेर या. कार्ड घासताना मशीन विचारतं रुपयात की बाटमध्ये, कायम बाट. आणि पैसे वर अरायव्हल हॉलमध्ये नको बदलू, तळघरात रेल लिंकच्या तिथे रेट बरा असतो.

खारघरवाला: आली परत रेल लिंक.

ऐरोलीचे_काका: गोडा मसाला नेता येतो का हो? आमची ही विचारतेय, आम्ही मेमध्ये दुबईला जातोय.

घोडबंदरी: एजंटला फोन केला. म्हणे अजून भरलंच नाहीये, उद्या बघतो. पैसे परत द्यायचं नाव नाही, पॅकेजमध्ये ॲडजस्ट झालेत म्हणे. सोडा, मीच भरतोय आत्ता. माझं झालं. बाबांच्या पासपोर्टवर आडनावाची जागाच रिकामी आहे, सगळं नाव एकाच ओळीत छापलंय, आणि इथे आडनाव मागतंय. काय टाकू? कोणी जागं आहे का?

ऐरोलीचे_काका: पट्टायाला जेटस्कीवर बसू नका. आधीच पडलेला ओरखडा दाखवून भरपाई मागतात.

घोडबंदरी: काका, आडनाव.