भूप, देसकार आणि सावली: गायिकेच्या कन्सेप्ट अल्बमला दुसरा आवाज लागतो का?

षड्ज_धरमपेठ
विषय मांडते. एक गायिका स्वतःच्याच सावलीला सामोरी जाते, एवढं सूत्र धरून आठ गाण्यांचा सलग मराठी अल्बम करायचा. सावलीला आवाज कुणाचा द्यायचा? दोन उत्तरं लगेच येतात: दुसरी गायिका घ्या, नाहीतर त्याच गायिकेचा आवाज कॉम्प्युटरमध्ये खाली उतरवा. माझा दोन्हींना विरोध आहे. सावली आपल्या रागसंगीतात आधीच आहे.

भूप आणि देसकार हे दोन राग बघा. दोन्हींत सा रे ग प ध, एकही स्वर वेगळा नाही. भूपाचा वादी (सर्वांत महत्त्वाचा स्वर) गंधार, संवादी (त्याखालोखालचा) धैवत. देसकारात नेमकं उलट. भूप पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात वावरतो, देसकार उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात. भूप गाताना धैवतावर जरा जास्त रेंगाळलात, ‘सां ध, प, ग प ध प’ असं गेलात, की देसकार डोकावतो आणि गुरुजी तिथेच थांबवतात. शिकताना जे टाळायला शिकवतात, तेच गायिकेची सावली.

आता नागपूरचा दिवस. देसकार सकाळचा, तेव्हा सावली पश्चिमेला. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, सूर्य मावळतीला जाताना पूर्वेला लांबलेली सावली अंधारात मिसळते तेव्हाचा. मधे २६ मे आणि १७ जुलैच्या सुमारास दुपारी सव्वाबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो नि उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. त्या जागी वृंदावनी सारंग हा राग ठेवा. त्यात गंधार नाही, धैवतही नाही. ज्या दोन स्वरांवरून भूप-देसकारचं भांडण, ते दोन्ही गायब! याहून नेमका शून्य सावली दिवस सुरांत कसा मांडणार?

फेडर_बर्डी
मांडणी सुंदर आहे, पण ती कागदावर. हा अल्बम ऐकणारी बहुसंख्य माणसं वादी-संवादी ओळखत नाहीत. त्यांना देसकार म्हणजे ‘तेच गाणं जरा वरच्या पट्टीत’ वाटेल. मराठीत भावगीत, नाट्यगीत ऐकणाऱ्याला आवाजाचा पोत आधी कळतो, राग नंतर. सावली पहिल्या दहा सेकंदांत ओळखू आली पाहिजे.

आवाज उतरवायचा म्हणजे सरसकट एक सप्तक पिच खाली, असं मी म्हणतच नाही. त्याने मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) फाटते, ट-ठ-ड लडबडतात आणि राक्षस बोलल्यासारखं होतं. जुनी, स्वच्छ रीत अशी: गायिकेचा सा काळी ४ (पेटीची चौथी काळी पट्टी), लय मिनिटाला ६० मात्रा. सावलीचे भाग काळी ५ मध्ये, साधारण ६७ मात्रांच्या लयीत गाऊन घ्या. मग टेपसारखा वेग कमी करा, म्हणजे पिच आणि लय दोन्ही एकत्र उतरतील. वेग ०.८९ पट केला की दोन अर्धस्वर खाली येऊन पुन्हा काळी ४ आणि ६० मिळतं. गळा तिचाच, पण आवाज जड, आंदोलन संथ, श्वास लांब. हे कुणालाही कळतं, रसिकाला आणि नवख्यालाही.

षड्ज_धरमपेठ
रीत मान्य, पण दोन धोके सांगायलाच हवेत. पहिला तानपुऱ्याचा. गाताना तानपुरा खोलीत वाजत असेल तर तो माइकमध्ये शिरतो आणि आवाजाबरोबर तोही उतरतो. काळी ५ चा तानपुरा ०.८९ पटीने काळी ४ वर येईल खरा, पण त्याच्या जवारीची (तारांच्या झणकाराची) चमक मंद होऊन खाली सरकलेली असेल. त्यावर मूळ काळी ४ चा तानपुरा ठेवला की दोघांत बारीक ठोके पडतात. तानपुरा हेडफोनमध्येच हवा, तोही बंद कपांच्या. दुसरा धोका गळ्याचा. पट्टी दोन अर्धस्वर चढली की तार गंधार घेताना ताण येतो, आणि वेग उतरवल्यावर तो ताण दुप्पट ऐकू येतो.

त्यापेक्षा माइकचं अंतर बदला. मुख्य आवाज ३० सेंटीमीटरवरून, सावली ५ ते ७ सेंटीमीटरवरून, पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी) लावून, निम्म्या ताकदीने. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक जवळून खर्ज फुगवतो. आवाज कानात नव्हे, डोक्याच्या आत बोलल्यासारखा येतो. यंत्राला हात न लावता सावली मिळाली.

फेडर_बर्डी
तो फुगलेला खर्ज फोनच्या स्पीकरवर उरतच नाही. बारीक स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली जवळपास काही देत नाही. उरते फक्त श्वासाची फुसफुस. हेडफोनवाल्यांसाठी उत्तम, बाकीच्यांसाठी शून्य.

डफ_तुणतुणं
दोघंही आवाजाच्या मागं लागून राहिले, शब्दाचं काय? ताई, तुमचं सारंगाचं म्हणणं मले लय आवडलं. पण एक सकाळी गाते, एक रात्री गाते, भेटच होत नाही त भांडण कसं होईन?

कलगी-तुरा घ्या, शाहिरायचा सवाल-जवाबाचा सामना. कलगीवाले शक्तीची बाजू धरतात, तुरेवाले शिवाची. सवाल ज्या चालीत आला त्याच चालीत जवाब द्या लागते, तिथंच कस लागते. शाहीर जवाबात अडकला त लोकायले लगेच दिसते. अल्बमात असंच व्हावं: सावली सवाल टाकते, गायिका त्याच चालीत, त्याच यमकात जवाब देते. दोन-तीन सवाल झाले की एका सवालावर तिले जवाबच सुचू नये. डफ चालू, तुणतुणं चालू, आठ मात्रे रिकामे. त्या रिकाम्या आवर्तनात सावली समजते, ना पिच लागत ना माइक. आणि सावली नेमका काय आरोप करते ते शब्दात स्पष्ट पाहिजे. ‘तू मैफलीत ख्याल गाते, पण लावणी ऐकून पाय थिरकते ते काऊन लपवते?’ असा सवाल.

मनोव्यापार_२१
डफभाऊंच्या शेवटच्या ओळीत खरा मुद्दा आहे. कार्ल युंगच्या मते सावली म्हणजे आपण ‘हे मी नाही’ म्हणून बाजूला सारलेलं सगळं. त्यात मत्सर आणि राग असतात, तसे चांगले, दडपलेले गुणही असतात. म्हणून सावलीला खलनायिकेचा आवाज देणं मला मुळातच चूक वाटतं. जड, भीतीदायक, खाली उतरलेला आवाज दिला की ऐकणारा शेवटी तिच्या पराभवाची वाट बघतो. शेवटचं गाणं विजयाचं झालं की सगळी कल्पना कोसळली. षड्जताईंच्या मांडणीत देसकार भूपाइतकाच सुंदर आहे, ही तिची ताकद आहे.

मात्र दुपारच्या सारंगाशी मी सहमत नाही. सावली दिसेनाशी झाली हा सुटकेचा क्षण नाही, ती पायाखाली आहे. ते गाणं आनंदाचं झालं तर चुकलं.

षड्ज_धरमपेठ
हे पटलं. सारंग संथच ठेवावा, तीनतालाऐवजी विलंबित एकताल. आणि शेवटचं गाणं भूपाचंच, पण त्यात धैवतावर मुद्दाम थांबायचं, देसकाराला येऊ द्यायचं, मग गंधारावर परतायचं. राग क्षणभर झाकणं म्हणजे तिरोभाव, पुन्हा प्रकट करणं म्हणजे आविर्भाव. आपल्या शास्त्रात दुसऱ्या रागाची छाया घेणाऱ्या रागाला छायालग म्हणतात. शब्दच तयार आहे.

एकच_स्पीकर
सारंगासाठी एक सुचवतो. सावलीचा आवाज डाव्या बाजूला सरळ आणि उजव्या बाजूला त्याचीच लाट उलटी करून ठेवा. हेडफोनवर ती विचित्र, कुठून येते ते न कळणारी वाटेल. एका स्पीकरवर दोन्ही बाजू मिसळल्या की बेरीज शून्य, सावली नाहीशी! उलटी न केलेल्या आवाजावरून घेतलेला स्टीरिओ रिव्हर्ब (घुमारा) वेगळा मिसळला तर आवाज जाईल आणि फक्त घुमारा मागे उरेल.

फेडर_बर्डी
कल्पना जबरदस्त, पण एका गाण्यापुरतीच, आणि त्या गाण्याचे शब्द सावलीवर अवलंबून नसतील तरच. सभागृहातल्या ध्वनिव्यवस्था पुष्कळदा मोनोच (दोन्ही बाजू एकत्र मिसळणाऱ्या) असतात. तिथे गाणं बिघडलं असंच लोकांना वाटेल. हेडफोनवरही काहींना अशा आवाजाने गरगरतं, म्हणून मुख्य आवाजाच्या १० ते १२ डेसिबल खाली ठेवा.

ध्वनिमुद्रणाचं मात्र सगळेच विसरलेत. मेमध्ये, ४५ अंशांत, नागपुरात घरच्या खोलीत हे करणार असाल तर कूलर हा सर्वांत मोठा शत्रू. त्याचा घरघराट नंतर डीनॉइजने (आवाज-सफाईच्या सॉफ्टवेअरने) काढला की स, श, ह पाणचट होतात, आणि सावलीचा तर अर्धा आवाज श्वासच आहे. कूलरच्या ओलाव्याने तबल्याची पुडी (कातडं) सैल पडून सूर उतरतो, बंद केला की कोरड्या उन्हात चढतो. सकाळचा टेक दुपारच्या टेकला जुळत नाही. पहाटे पाच ते आठ एवढाच वेळ धरा, प्रत्येक टेकआधी तबला तानपुऱ्याशी पुन्हा मिळवा. देसकार त्याच वेळेत होईल, हे तुमच्या पथ्यावरच पडेल.

षड्ज_धरमपेठ
पहाटेचं पक्कं. अजून दोन गोष्टी. गाण्यांमधून तानपुरा न तुटता वाहायला हवा, तर एमपीथ्री करू नका, त्याच्या सुरुवातीला बारीक पोकळी राहते. २४ बिटची वेव फाइल द्या, आणि एकाच लांब मुद्रणातून कापताना लाट शून्यावर असेल तिथे कापा. दुसरं, लाउडनेस (आवाजाची पातळी) गाण्यागणिक सारखा करू नका, सारंगाचं गाणं बाकीच्यांपेक्षा हळूच राहायला हवं. सुटं वाजलं तर अ‍ॅप ते वर खेचेल, त्याला इलाज नाही. शफलवर ऐकणाऱ्यासाठी हा अल्बम नाहीच.

डफ_तुणतुणं
शफलवाल्यायलेच तर पोहोचवायचं आहे. प्रत्येक गाण्यात एक पूर्ण सवाल आणि त्याचा जवाब, किंवा जवाबाची रिकामी जागा, असली त कुठूनही ऐका, भांडण कळते. आठही गाणी एकमेकींवर टेकून असली त एक काढल्यावर बाकीच्या पडतात.

षड्ज_धरमपेठ
सवाल प्रत्येक गाण्यात ठेवायला तयार आहे, भाऊ. सारंगातला मात्र नाही. तिथे तुमची ती रिकामी आठ मात्रांची जागाच हवी, आणि ती आधीच्या देसकारातल्या सवालाचीच असायला हवी.