जुनी डिझेल बोट घ्यायची आहे, काय काय तपासून घेऊ?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही शिरोळ तालुक्यातले, नृसिंहवाडीजवळचे. आमच्या तरुण मंडळाला एक बोट घ्यायची आहे. एरवी पलतीरावरच्या मळ्यात माणसं आणि वैरण न्यायला, आणि पुराचा वेढा पडला की दूध-औषधं आणायला. २०१९ आणि २०२१ ला आम्ही बाहेरच्या बोटीची वाट बघत बसलो होतो, तसं परत नको.
मालवणकडे एक फायबरची बोट विकायला आहे. २४ फुटी, आत बसवलेलं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. सध्या किनाऱ्यावर शाकारून ठेवली आहे. मालक म्हणतात, इंजिन एक नंबर. आम्हाला ट्रॅक्टरचं इंजिन कळतं, बोटीचं नाही. पैसे वर्गणीचे आहेत, त्यामुळं नीट विचारूनच पाऊल टाकायचं आहे.

उद्यमनगर फिटर
भावा, ट्रॅक्टरचं कळतंय म्हणजे निम्मं काम झालं. मालकांना आधीच सांगून ठेव, आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गेल्या गेल्या हेडवर हात ठेवायचा. गरम लागलं तर आधी तापवून ठेवलंय, म्हणजे थंड असताना इंजिन लवकर चालू होत नाही हे समजायचं.
मग ऑइलची पट्टी ओढ. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. शेतातल्या इंजिनाला हेड गॅस्केट बदलून भागतं, पण इथं ते पाणी समुद्राचं असू शकतं. खारं पाणी क्रँक आणि बेअरिंगला खाऊन टाकतं. असं दिसलं की चहा पिऊन परत यायचं, किंमत कमी करून देतो म्हटलं तरी.
चालू झाल्यावर धूर बघ. सुरुवातीला थोडा पांढरा चालतो. तापल्यावरही पांढरा राहिला तर नोझल, कॉम्प्रेशन नाहीतर आत जाणारं पाणी. निळा म्हणजे ऑइल खातंय. काळा म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त, किंवा बोट ढकलणारा पाण्यातला पंखा इंजिनाला जड होतोय. ऑइल भरायचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनजवळून खाली गळणारा धुराचा दाब, किती मारतंय तेही बघ. आणि इंजिनाला ताजा रंग मारलेला दिसला तर रंगाखाली काय गळतंय ते आधी शोध.

देवगडचो तांडेल
वरचं सगळं बरोबर, पण एक सांभाळा. बोट जमिनीवर असताना इंजिन तसंच चालू करू नका. समुद्राचं पाणी ओढणारा पंप असेल तर त्यातला रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, कोरडा फिरून थोड्याच वेळात जळतो. पिंपात पाणी भरून त्यात पाइप सोडा, मग चालवा.
बोट वर आहे हे तुमच्या फायद्याचं आहे. बूड आत्ताच नीट बघता येतं. लहान प्लास्टिकची हातोडी घ्या आणि बुडावर, मागच्या फळीवर वीत-वीत अंतरानं ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. मेल्यासारखा, भद्द आवाज आला तर फायबरचे थर सुटलेत किंवा आतलं लाकूड कुजलंय. इंजिन ज्या लाकडी दांड्यांवर बसतं त्या बाहेरून फायबरनं झाकलेल्या असतात, त्यामुळं कुजल्या तरी दिसत नाहीत. इंजिनाच्या बोल्टभोवती चीर किंवा पाझर दिसतोय का बघा. दांड्या गेल्या असतील तर इंजिन उतरवून सगळं काम करावं लागतं. इंजिन दुसरं मिळतं, पण बूड गेलं की बोट गेली.
पंखा हातानं धरून वर-खाली हलवा. शाफ्ट खडखडला तर तो ज्यात फिरतो तो बुश झिजलाय. बुश बदलता येतो, पण खर्च किमतीतून वजा करून घ्या.

पंचगंगा घाट
दादा, बोट समुद्रातून नदीत येणार आहे, त्याचाही विचार करा. बोटीच्या धातूऐवजी स्वतः गंजावेत म्हणून बुडाला जस्ताचे तुकडे लावलेले असतात. गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही, मॅग्नेशियमचे लावावे लागतात. गोड्या पाण्यात बोट किंचित खोलही बसते, त्यामुळं बोटीची कड पाण्यापासून चांगली वर राहील एवढीच माणसं भरा.
आणि आपल्याकडची जलपर्णी! पंपाच्या तोंडाला बसली की इंजिन तापलंच. बाहेरून उघडून साफ करता येईल अशी मोठी जाळी आहे का बघा. त्यात पुराचं पाणी गाळाचं, इंपेलर लवकर झिजतो. जादा इंपेलर बोटीतच ठेवा.

शिरोळकर
माझं मत थोडं वेगळं आहे. रोजच्या पलतीरासाठी ही बोट चांगली. पण पुरात गल्लीत, उसाच्या फडावरून जायला आतल्या इंजिनाची बोट नको. पंखा खाली खोल असतो, ऊस नाहीतर कुंपणाची तार गुंडाळली की बोट प्रवाहात आडवी. तिथं वर उचलता येणारं मागचं मशीन आणि रबरी बोटच लागते. ही बोट नदीच्या मुख्य पात्रापुरती ठेवा आणि किती माणसं बसवायची तो आकडा बाजूवर ठळक रंगवा. २०१९ च्या पुरात जादा माणसं भरलेली बोट उलटली ते ब्रह्मनाळ आपल्यापासून लांब नाही.
कागदांचंही बघा. नोंदणी, इंजिन नंबर आणि बँकेचा बोजा. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार नदीत चालणाऱ्या यांत्रिक बोटीलाही नोंदणी आणि तपासणी लागते. मासेमारीच्या नावावरचे कागद इकडं तसेच चालतील असं धरू नका.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. एक अडचण आहे. मालक म्हणतात, नारळी पौर्णिमेआधी बोट पाण्यात घालणार नाही. आम्हाला तर पुराचं पाणी यायच्या आधी हवी होती.

देवगडचो तांडेल
त्यांचं बरोबर आहे, ह्या दिवसांत दर्या बोट घालू देत नाही. तुम्ही थांबा. बूड पसंत पडलं तर थोडा विसार द्या आणि चाचणीत नापास झाली तर विसार परत, असं कागदावर लिहून घ्या. पाण्यात घातल्यावर माणसं किंवा वाळूची पोती भरून पूर्ण रेसवर अर्धा तास चालवा. इंजिन आपल्या ठरलेल्या आरपीएमपर्यंत पोचतंय का आणि तापमान एका जागी थांबतंय का बघा. एक माणूस सगळा वेळ खाली बसवा. शाफ्ट बुडातून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी आलं तर चालतं, धार लागली तर नाही. पुढचा-मागचा गिअरही पुन्हा पुन्हा टाकून बघा.

उद्यमनगर फिटर
त्या चाचणीला मला सांग, मी येतो फोंडा घाटानं. पगार नको, जेवण घाल.