रिसर्च पेपर लिहायला पैसे देऊन मदत घेतली, तर मदत करणाऱ्याचं नाव द्यायचं का?

राजारामपुरीतला सर्जन: ऊसतोड कामगारांच्या हातावरच्या कोयत्याच्या जखमांवर आमचा पेपर तयार झालाय. केसपेपर मी आणि ज्युनिअरनं चाळले. इंग्रजी मसुदा मात्र शाहूपुरीतल्या एका मेडिकल रायटर मॅडमनी लिहिला. फी मी खिशातून दिली. त्यांनी इतक्या शंका काढल्या की धनुर्वाताच्या इंजेक्शनचा तक्ता नव्यानं करावा लागला. आमचे सर म्हणतात, "पैसे दिलेत ना, मग नाव कशाला? यांना लिहिता येत नाही असं वाटेल." मला हे पटत नाही. लेखकांत घालू की आभारात?

ताराबाई पार्क, मेडिकल रायटर: डॉक्टर, नाव द्याच. लेखक म्हणवायला आयसीएमजेईच्या, म्हणजे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, चार अटी आहेत: आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा चिकित्सक नजरेनं सुधारणं, अंतिम प्रतीला मान्यता, आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही लागतात. नुसतं लेखन केलं असेल तर आभारात. तिथं नाव, नेमकं काय केलं आणि फी कुणी दिली, हे स्पष्ट लिहा. "भाषेसाठी मदत" असं मोघम नको, त्यांनी अख्खा मसुदा लिहिलाय. आणि त्यांची लेखी परवानगी घ्या. आभारात नाव दिसलं की त्यांना निष्कर्ष मान्य आहेत असा अर्थ निघतो.

सरांना एक सांगा. वायथ या औषध कंपनीच्या हार्मोनच्या गोळ्यांची भलामण करणारे लेख पगारी लेखकांनी लिहिले आणि वर नावं डॉक्टरांची लागली. २००९ मध्ये कोर्टामुळं ती कागदपत्रं बाहेर आली. तुमच्यामागं कंपनी नाही, पण तुम्ही लिहिल्याशिवाय वाचणाऱ्याला ते कळणार कसं? आमचं काम लपवण्यासारखं नाही हो.

सागरमाळ, सांख्यिकी: तक्त्याचं नीट बघा. विश्लेषण त्यांनी केलं असेल तर पहिली अट पूर्ण होते. मग अंतिम प्रत दाखवून लेखक व्हायची संधी द्यायलाच हवी.

राजारामपुरीतला सर्जन: शंका त्यांच्या, आकडेमोड माझी. म्हणजे आभारात. "लेखकांनी दिलेल्या माहितीवरून पहिला मसुदा अमुक यांनी लिहिला, त्यांचं मानधन पहिल्या लेखकानं दिलं." चालेल?

ताराबाई पार्क, मेडिकल रायटर: चालेल. एआय वापरलं असेल तर तेही कुठं, कशासाठी ते लिहा. मॅडमना हे वाक्य आधी पाठवा.