लिस्बनला मुलगी फ्लॅट घेतेय, कागदावर माझं नाव घालावं का?

अंत्रुजकर:
नमस्कार मंडळी. मुलगी नोकरीनिमित्त लिस्बनला आहे. वय 31, तिथलं रेसिडेन्स परमिट आहे, पासपोर्ट भारतीयच. भाडं एवढं वाढलंय की त्यात थोडी भर घातली तर हप्ता निघेल, असं तिचं म्हणणं. ओदिव्हेलाशला एक टी-टू बघितलाय, म्हणजे आपला टू बीएचके. कर्ज बँक देतेय, सुरुवातीचे साधारण 50 लाख आम्ही द्यायचे. इथे गोव्यात बांदोड्याचा प्लॉट विकला त्यातले पैसे बँकेत पडून आहेत. माझं आणि सौ.चं मत, फ्लॅट मुलीच्या आणि माझ्या नावावर असावा. परक्या देशातली गोष्ट, आपलं नाव असलेलं बरं. मुलगी म्हणते नको. डिसेंबरात तिची सही आहे, म्हणजे लग्नाची नोंदणी, होणारा जावई साखळीचा. काय करावं?

सत्तरीकर:
दिल्लीवाले गोव्यात फ्लॅट घेताहेत आणि गोंयकार लिस्बनात! चालू द्या.

मडगावची_सीए:
काका, मुलगी बरोबर बोलतेय. पैसे तिला भेट म्हणून द्या, घर तिच्या एकटीच्या नावावर होऊ दे.

तुमचं नाव लागलं की परदेशी मालमत्ता तुमची झाली. मग दरवर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा, भाड्याचा रुपया आला नाही तरी. एखाद्या वर्षी राहून गेलं तर 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. सत्तरीच्या वयात ही कटकट कशाला?

पाठवण्याचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या एलआरएस योजनेत माणशी वर्षाला 2,50,000 डॉलरपर्यंत जातात, तुमची रक्कम त्यात आरामात बसते. खरी गंमत टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक जो आयकर आगाऊ घेते त्याची. वर्षात 10 लाखांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर बँक 20 टक्के घेते. 50 लाख तुमच्या एकट्याच्या खात्यातून गेले तर 8 लाख टीसीएस. तेच 25-25 करून तुम्ही आणि काकूंनी पाठवले तर 3-3, म्हणजे 6 लाख. रिटर्नमध्ये ते वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकून राहतात, तेवढी रक्कम हाताशी ठेवा.

आणि हो, प्लॉटच्या नफ्याचा आयकर भरलात ना? आपल्याकडे तो नवरा-बायकोत निम्मा-निम्मा धरतात, गोव्यासाठी आयकरात वेगळी तरतूदच आहे. त्यामुळे काकूंच्या खात्यात निम्मे पैसे का आले याचं उत्तर तयारच असतं. प्लॉटचे काही पैसे 'वरचे' रोख घेतले असतील तर ते लिस्बनला जाणार नाहीत, एवढंच सांगते. तिथली बँक पैशाचं मूळ विचारते. विक्रीखत, बँक स्टेटमेंट, भेटपत्र असा संच मुलीला आधीच पाठवून ठेवा.

तेजुकाठ:
मी लिस्बनसमोर तेजु नदीच्या पलीकडच्या काठावर सैशालला राहतो, मूळचा म्हापशाचा. तुमचं नाव घालू नका, याला इथलंही एक कारण आहे. 35 वर्षांपर्यंतच्या माणसाने स्वतः राहण्यासाठी पहिलं घर घेतलं तर ठरावीक किमतीपर्यंत आयएमटी म्हणजे खरेदीवरचा कर आणि मुद्रांक शुल्क माफ असतं. 2025 मध्ये ती मर्यादा 3,24,058 युरो होती, दरवर्षी बदलते. ऑगस्ट 2024 पासून ही सवलत सुरू झाली, त्यात नागरिकत्व बघत नाहीत. तुमचं नाव लागलं तर तुमच्या हिश्श्याला ती मिळणार नाही. याच वयोगटासाठी किमतीच्या 15 टक्क्यांपर्यंत सरकारी हमीसुद्धा आहे, ती बँकेत जरूर विचारायला सांगा. कदाचित तुमचे 50 लाख लागणारही नाहीत.

आता घराबद्दल. इथे आधी साठेकरार होतो, त्याला 'सिनाल' द्यावा लागतो, बहुतेकदा किमतीच्या 10 टक्के. तुम्ही मागे हटलात तर तो बुडाला, विकणारा हटला तर त्याने दुप्पट परत द्यायचा. म्हणून करारात एक वाक्य हवंच: बँकेने कर्ज नाकारलं तर सिनाल परत. एजंट म्हणेल, "मालक ऐकणार नाही, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे." म्हणू दे. त्याचं कमिशन विकणाऱ्याकडून येतं, तो तुमचा माणूस नाही. त्याने सुचवलेला वकीलही नको, तिने स्वतःचा शोधावा.

कागद दोन ठिकाणचे असतात, कर खात्याचा 'कादेर्नेता' आणि नोंदणी कचेरीचा उतारा. दुसरा ऑनलाइन 15 युरोत मिळतो, बोजा आणि गहाण त्यात दिसतं. दोन्हीतलं क्षेत्रफळ जुळवून बघा. जुन्या इमारतींत बाल्कनी काचेने बंद करून खोली केलेली असते आणि कागदावर मात्र बाल्कनीच असते. आमच्या मजल्यावर एकाचं कर्ज यावरूनच दोन महिने लटकलं होतं.

सोसायटीची थकबाकी तर नक्की बघा. 2022 पासून विकणाऱ्याने व्यवस्थापकाकडून लेखी दाखला आणायचा असतो. खरेदीदाराने "दाखला नको" असं खरेदीखतात लिहून दिलं तर जुनी थकबाकी त्याच्या गळ्यात पडते. सही करताना ही ओळ कोणी घुसवत नाही ना, बघायचं.

आणि घर जानेवारीत, पाऊस पडून गेल्यावर बघायला सांगा. इथल्या बहुतेक जुन्या घरांत हीटिंग नसतं. उत्तरेकडची भिंत ओली असली की कपाटामागे बुरशी धरते, आपल्या आषाढासारखी, वर थंडी. ताजा रंग दिसला की कपाट सरकवून मागे हात लावून बघायचा.

ओदिव्हेलाश जागा चांगली. मेट्रोची पिवळी लाइन तिथून सुटते, वाटेत लुमियारला राधाकृष्णाचं देऊळही आहे.

पणजीचा_निवृत्त_वकील:
अंत्रुजकरबाब, तुम्ही स्वतःच्या नावाचा विचार करताय, पण जावयाचं नाव न घालताही तो निम्म्याचा मालक होऊ शकतो, हे लक्षात आलंय का? आपल्याकडे 1867 चा पोर्तुगीज दिवाणी कायदा अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नाही तर सगळी मालमत्ता सामायिक, लग्नाआधीची धरून. खुद्द पोर्तुगालने 1967 मध्ये हा नियम बदलला. तिथे आता करार नसेल तर लग्नानंतर कमावलेलंच सामायिक होतं. आणि 2019 नंतरच्या लग्नांना तिथे, जोडपं लग्नानंतर पहिल्यांदा एकत्र ज्या देशात राहतं तिथला नियम लागतो, तेव्हा या फ्लॅटला गोव्याचा नियम की पोर्तुगालचा, हे तिथल्या वकिलाला विचारा. खरेदीखतात नवरा-बायकोच्या मालमत्तेची पद्धत लिहितातच.

यात वाईट काही नाही, जावई चांगलाच असेल. पण तुमचे पैसे ज्या समजुतीने जाताहेत ती समजूत कागदावर हवी. फ्लॅट मुलीचाच राहावा असं वाटत असेल तर लग्नाच्या सहीच्या आधी विवाहपूर्व करार करावा लागेल. लग्न झाल्यावर तो करता येत नाही.

दुसरं, भेटपत्रावर तुमच्याबरोबर सौ.चीही सही घ्या, कारण पैसा दोघांचा. आणि मुलीला भाऊ-बहीण असेल तर ही भेट पुढे वाटणीत तिच्या हिश्श्यात धरली जाईल. आत्ताच सगळ्यांना सांगून ठेवा.

अंत्रुजकर:
धाकटा मुलगा आहे, त्याला सांगतो. नावाचा विषय आमच्याकडे मिटला, सौ.लाही सीएताईंचं पटलं. वकीलसाहेब, हा करार कुठे करायचा? व्याह्यांकडे विषय काढायचा म्हणजे जरा अवघडच.

पणजीचा_निवृत्त_वकील:
तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत, तोच विशेष नोटरी असतो. मुलगी सुट्टीवर येईल तेव्हा लग्नाच्या पहिल्या सहीच्या आधीच उरका. व्याह्यांकडे तुम्ही जाऊ नका, मुलीला आणि मुलालाच आपसात बोलू दे.

तेजुकाठ:
आणि घराची सही त्याच सुट्टीत येत असेल तर तिने इथे मुखत्यारपत्र करून ठेवावं. बँका डिसेंबरात सुस्त असतात, जानेवारीची तारीख मागितलेली बरी. भिंतही तेव्हाच बघून होईल.