फॅटी लिव्हर निघालंय, चहात कोणतं शुगर-फ्री टाकू? (मदत हवी आहे)

सिडकोवाला: सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर आलं. डॉक्टर "साखर बंद" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत घेतला. सुक्रालोज, स्टेव्हिया की अस्पार्टेम? मेव्हणा म्हणतो त्या गोळ्यांनी लिव्हर आणखी बिघडतं. नेमकं नाव सांगा, उपदेश नको.

गोदाकाठ: वजन किती? डायबिटीस आहे का? एसजीपीटी (रक्तातली यकृताची तपासणी)? दारू?

सिडकोवाला: वजन ९६. डायबिटीस नाही, दारू नाही. एसजीपीटी वाढलंय. आता सांगा.

निफाडकर: अहो गोळ्या कशाला, गूळ खा! आमच्या घरात तीन पिढ्या गुळाचा चहा पितात, लिव्हर ठणठणीत.

लॅबवाली_ताई: दादा, तीन पिढ्या शेतात राबल्या, हे ९६ किलोचे खुर्चीत बसतात. गुळातही मुख्यतः सुक्रोजच, म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं, फ्रुक्टोजचा बहुतेक भार यकृतावर. गरजेपेक्षा जास्त गेलं की यकृत त्याची चरबी बनवतं.

निफाडकर: मग द्राक्षंही विष का? बागा तोडू का आता?

लॅबवाली_ताई: वाटीभर द्राक्षं चावून खाणं वेगळं, ग्लासभर रस घटाघटा पिणं वेगळं. बागा राहू द्या.

सावधान_७: अस्पार्टेमने कॅन्सर होतो, २०२३ मध्ये जाहीर झालंय!!

गोदाकाठ: जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने "शक्यता असू शकते" अशा २बी गटात टाकलंय. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या लोणच्याच्या भाज्याही आहेत. मर्यादा बदललेली नाही, दिवसाला किलोमागे ४० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला ९ ते १४ डाएट कोल्ड्रिंकचे कॅन लागतील. चहातल्या गोळीची कसली भीती घालता?

सिडकोवाला: म्हणजे अस्पार्टेम घेऊ?

लॅबवाली_ताई: थांबा. मे २०२३ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन उतरवण्यासाठी असले गोडवे वापरू नका, दीर्घकाळात उपयोग दिसत नाही. ज्यांना आधीच डायबिटीस आहे त्यांना ही सूचना लागू नव्हती, तुम्हाला लागू होते.

गोदाकाठ: पण २०१२ ची डॅनिश चाचणी बघा. ६ महिने रोज लिटरभर साखरेचा कोला पिणाऱ्यांच्या यकृतात चरबी वाढली, डाएट कोलावाल्यांची नाही. साखरेच्या जागी गोळी आली तर फायदाच.

लॅबवाली_ताई: दूध आणि पाणी पिणाऱ्यांचीही नाही वाढली, ते का गाळलंत? बरं, सिडकोवाले, चहा सोडून दिवसभरात गोड काय जातं?

सिडकोवाला: काही नाही. सकाळी कोमट पाण्यात मध, तो तर औषधी. नाश्त्याला पॅकेटचा ज्यूस. मूठभर बेदाणे. साखर फक्त चहात, म्हणून तर विचारतोय.

लॅबवाली_ताई: 🙏

गोदाकाठ: अहो, मधात जवळपास ४० टक्के फ्रुक्टोज असतं! आधी मध आणि ज्यूस बंद करा, गोळीचं नंतर बघू. वजन ७ ते १० टक्के उतरलं तर यकृताची सूजही कमी होते. तुमचे सात ते साडेनऊ किलो. रोज पांडवलेणीच्या पायऱ्या चढा.

सिडकोवाला: ते ठीक. पण स्टेव्हिया की सुक्रालोज?

लॅबवाली_ताई: स्टेव्हिया चालेल, पण डब्याच्या मागचं वाचून घ्या. पुष्कळ पावडरींत माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनलेली, रक्तातली साखर वाढवणारी पूड) मिसळलेलं असतं. आणि फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) झालाय का?

पंचवटी_मावशी: पांडवलेणीला सकाळी गाडी लावायला जागा मिळते का हो? माझेही गुडघे दुखतात, तरी विचारते.